'काही नाही' येणाऱ्यांचं गाव

तीनशे बारा माणसांचं गाव, आणि त्यातल्या दोनशे एक्याण्णव जणांना काहीही येत नाही. मग त्या गावात जाळी विणली जातात कशी, चुली पेटतात कशा आणि बाळंतिणी सुखरूप सुटतात कशा?

हे कोडं शुक्रवारी सकाळी कुमुदच्या डोक्यात शिरलं आणि कानात मुंगी शिरावी तसं वळवळत राहिलं.

कुमुद अकरा वर्षांची. वर्षापूर्वी ती नागपुराहून पाळटोलीला आली, मोठ्या आईकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या वहिनीकडे राहायला. पाळटोली हे तलावाच्या पाळीखाली (मातीच्या उंच बांधाखाली) वसलेलं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं गाव. साल होतं दोन हजार अठ्ठ्याहत्तर. छपराछपरावर सूर्यपट्ट्या आल्या होत्या, बांध्यांमध्ये (भाताच्या शेतांमध्ये) कापणीची यंत्रं फिरत होती. तलाव मात्र जुनाच होता, आणि मोठ्या आईची जीभही जुनीच. त्या जिभेला धार लावायला कधी दगड लागला नाही.

त्या काळी जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून 'सांधा' नावाचा एक मंच (सगळ्यांनी जमायची जागा) उभा करायला घेतला होता. ही जागा जमिनीवर नव्हती, लहरींवर होती. ज्याला जे येतं त्याने ते शिकवायचं, ज्याला जे येत नाही त्याने ते शिकायचं, आणि भाषेचं लचांड यंत्राने सोडवायचं. गावोगावची पोरंसोरंही त्यात हातभार लावत होती. पाळटोलीचा अर्ज तयार करून भरून घ्यायचं काम कुमुदने अंगावर घेतलं होतं. मदतीला होता टिपण्या. घागरीएवढा, चार पायांचा यंत्रमानव. ऐकलेलं सगळं टिपून ठेवायचा, आणि त्यातली गंमत त्याला कधी कळायची नाही.

अर्जात प्रश्न दोनच होते. 'तुमचं कौशल्य कोणतं?' आणि 'ते किती येतं?'

"निकाल सांगतो," टिपण्या म्हणाला. "'काही नाही' हे कौशल्य दोनशे एक्याण्णव जणांकडे आहे. पैकी चाळीस जणांना ते उत्तम येतं. या विषयाचं जगातलं सर्वात मोठं केंद्र पाळटोली आहे. नॉर्वेतले एक गृहस्थ विचारत आहेत, शिकवणी कधी सुरू होईल."

एरवी कुमुद पोट धरून हसली असती. आज तिला हसू फुटेना, कारण तासाभरापूर्वी भिंतीवरच्या पडद्यावर नायला दिसली होती.

नायला दूरच्या एका मोठ्या नदीच्या मुखावर, शालिकचर नावाच्या बेटावर राहायची. सांध्यावरच तिने कुमुदला झाळकाम (तारा वितळत्या धातूने जोडायचं काम) शिकवलं होतं. कुमुदने स्वतःच्या हाताने जोडलेला पहिला दिवा अजून चुलीशेजारी लटकत होता. रोज खिदळणारी नायला आज एकेक शब्द मोजून बोलत होती.

"आमच्या तळ्याच्या बांधातून खारं पाणी आत येतंय. बेटावर गोडं पाणी तेवढंच आहे, सहाशे माणसांचं. तळ्याच्या बाजूला बुडबुडे येतात तिथे आम्ही पोती कोंबतोय. एक भोक बुजवलं की दुसरं फुटतं. अभियंत्यांची बोट चार दिवसांनी येईल. अमावास्येची मोठी भरती उद्या चार वाजता आहे."

तिने हातातला संवेदक (पाण्यातला खारटपणा जाणणारं छोटं यंत्र) दाखवला. त्याचा हिरवा दिवा विझून पिवळा लागला होता. लाल लागला की पाणी पिण्यातून गेलं.

"सांध्यावर विचारलं, मातीच्या बांधाची गळती कुणाला बुजवता येते? उत्तर आलं, कुणालाच नाही. कुमुद, तुझं गाव तर बांधाखालीच आहे ना?"

कुमुद धावत अंगणात गेली. मोठी आई सुपात तांदूळ पाखडत होती.

"मोठी आई, आपल्याकडे पाळीची गळती कोण बुजवतं?"

सूप थांबलं. "गळती? आपल्या पाळीले? कोणाच्या तोंडातून निघाली ही गोष्ट?"

"तसं नाही गं, मी म्हणत होते..."

"तीस वर्षांत ह्या पाळीतून थेंब नाही गळला. गळती म्हणे. ज्याच्या जिभेले हाड नाही, त्याले माझ्यासमोर आण." सूप पुन्हा सुरू झालं. बोलणं संपलं.

कुमुद दारोदार फिरली. सगळीकडे तेच. गळती? छे बाई, आपल्याकडे नाही. आणि मले काय येते? काही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. काय चुकत होतं तेच कळेना. गाव तर खोटं बोलत नव्हतं, मग उत्तर खरं का निघत नव्हतं?

दुखीराम बुवांच्या दारापाशी ती दमून थांबली. बुवांनी अर्जावर 'काही नाही' लिहिलं होतं, वर 'उत्तम'ही लिहिलं होतं. पण दाराबाहेर चपलांचे चार जोड पडलेले. 'काही नाही' येणाऱ्या माणसाकडे एवढी माणसं कशाला?

आतून कचरूकाका बाहेर आले. खांद्यावर जाळं होतं.

"काका, इथे कशाला आला होता?"

"जाळं फाटलं होतं. ह्या बुढ्याशिवाय त्याची गाठ कोणाले जमत नाही. आता काय, अडला हरी..." पुढचे गाढवाचे पाय बुवांच्या कानावर जायला नकोत म्हणून काकांनी नुसते डोळे मिचकावले.

"ऐकू येते मले," आतून बुवा म्हणाले. "पुढच्या खेपेले तुझं तोंड आधी शिवीन, मग जाळं."

कुमुद जागच्या जागी उभी राहिली. अडला. अडलं की माणूस जातो. कुठे जातो, ते बघायचं.

"टिपण्या, आधीचे प्रश्न खोडून टाक. नवीन लिही. 'तुमचं कुठे अडतं? आणि अडलं की कुणाच्या दारात जाता?'"

"पण यात कौशल्य विचारलेलंच नाही."

"म्हणूनच. 'तुला काय येतं' म्हटलं की चांगला माणूस लाजतो, आणि फुशारकी मारणारा तेवढा बोलतो. कुठे अडतं ते सांगायला मात्र कुणी लाजत नाही. ती तर तक्रार असते. पळ आता."

टिपण्या चारी पायांनी सुटला. तासाभरात तो घराघरातून फिरून आला, कारण तक्रार सांगायला लोकांना वेळ लागत नाही. तोवर कुमुदने अंगणात प्रत्येक घराचा एकेक चिंचोका मांडला होता. आता टिपण्या वाचू लागला आणि ती खडूने बाण काढू लागली. कचरूकाकांच्या चिंचोक्यापासून दुखीराम बुवांच्या चिंचोक्याकडे बाण: जाळं. दुसरा बाण: पोराचा मुरगळलेला पाय. तिसरा: गाय दूध देत नाही.

"याला संबंधजाल म्हणतात," टिपण्या म्हणाला, "म्हणजे कोण कुणाशी कशाने जोडलेलं आहे त्याचं चित्र. एकटा चिंचोका काही सांगत नाही. त्याच्याकडे किती बाण येतात आणि कशासाठी येतात, ते बघायचं. माणूस स्वतःबद्दल बोलला नाही तरी त्याच्याकडे येणारे बाण बोलतात."

बाण वाढत गेले. एका चिंचोक्याभोवती तर इतके झाले की तो साळिंदरासारखा दिसू लागला. सत्तेचाळीस बाण, आणि प्रत्येकावर एकच शब्द: घाम.

"घाम?" कुमुदने विचारलं.

"'पाळीले घाम आला' असं सगळे म्हणाले. हा अर्थ माझ्या शब्दकोशात नाही. बांध घामाघूम होत नसतात."

आणि मग कुमुदला उलगडलं. पाळीची बाहेरची माती ओली दिसू लागते, तोच तो घाम. धार लागायच्या आधीच कुणीतरी तो पुसतं, म्हणून पाळटोलीत 'गळती' हा शब्दच कुणाला लागत नाही. सांधा गळती शोधत होता आणि गाव घामाबद्दल बोलत होतं. आणि तो साळिंदर झालेला चिंचोका तिच्याच घराचा होता. मोठी आई रोज पहाटे काठी घेऊन पाळीवर जायची. कुमुदला वाटायचं, हवा खायला.

पावणेदोन वाजले होते. शालिकचरची आजची भरती तीनला होती.

"मोठी आई, पाळीला घाम आला की काय करतेस?"

"करायचं काय त्यात? घाम पुसते." मग तिने उघड्या दारातून, कुमुदने पुन्हा लावलेल्या पडद्यावर नायलाचा चेहरा पाहिला, मागे चिखलात पोती वाहणारी माणसं पाहिली, आणि सूप बाजूला ठेवलं. "हे काय करून रायले बाप्पा? बोळे काऊन कोंबता?"

"मोठ्या आईचे शब्द तसेच पोहोचवू, की थोडे मऊ करू?" टिपण्याने विचारलं.

"एक शब्द मऊ केलास तर तुले घागर म्हणून विहिरीत सोडीन. सांग त्यांना, आधी ते बोळे काढा."

पलीकडे गलका झाला. नायलाचे बाबा पुढे आले. "काढले तर पाणी धो धो येईल."

"येईल. पण तुम्ही पाण्याचं तोंड दाबता, ते दुसरं तोंड शोधते. निघते तिथं भांडू नका. शिरते कुठून ते पाहा. कोंडा आहे घरात, भाताचा?"

नायलाच्या बाबांनी एकवार बांधाकडे पाहिलं, एकवार पोतं धरून उभ्या असलेल्या नायलाकडे. मग स्वतःच्या हाताने पहिलं पोतं ओढलं. पाणी खळाळून आत आलं. संवेदकाचा पिवळा दिवा लुकलुकला. कुमुदने नखं कुरतडली. मोठ्या आईचं चुकलं तर सहाशे माणसांचं पाणी तिच्या नावावर जाईल, आणि तिला बोलायला लावणारी आपण.

नदीच्या बाजूने होडी फिरली. चढत्या भरतीवर कोंडा पसरला आणि सोनेरी सायीसारखा नुसता तरंगत राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. मोठी आई पापणी न हलवता पाहत होती. मग सायीला एक सुरकुती पडली. कोंड्याची बारीक रेघ बांधाकडे ओढली गेली, गरकन फिरली आणि खाली गेली. बुडबुडे होते तिथून चांगली आठ पावलं दूर, खेकड्याच्या बिळात.

"थे पाहा," मोठी आई म्हणाली. "आता चिकणमाती आणि पेंढा पायांनी तुडवा, पोळीची कणीक असते तसा. गोळे करून तिथं भरा. आतल्या बाजूले वाळू टाका, तिच्यावर गिट्टी. पाणी पाझरू द्या, माती जाऊ देऊ नका."

"म्हणजे गाळणी," टिपण्या म्हणाला. "दाब निघून जातो, बांधाची माती जागेवर राहते."

"मी काय वेगळं बोलली?"

माती तुडवणारे पाय अंधार पडेपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला पाळटोलीचं निम्मं गाव त्या पडद्यासमोर बसलं होतं. मोठी भरती बांधाच्या माथ्याशी येऊन हुंकारली. आतल्या बाजूला जिथून मनगटाएवढी धार यायची, तिथे आता गिट्टीवर नुसती ओल होती. नायलाने संवेदक तळ्यात धरला. दिवा पिवळा. साडेचारला पिवळा. पाचला भरती उतरू लागली तरी पिवळाच. लाल काही झाला नाही.

"घाम आलाय," नायला आपल्या भाषेत म्हणाली, आणि टिपण्याने त्या शब्दाचं भाषांतर पहिल्यांदा बरोबर केलं.

त्या संध्याकाळी सांध्याच्या स्वयंसेवकांनी कुमुदचा प्रश्न जगातल्या सगळ्या अर्जांवर घेतला. आणि कुमुदला आत्ता कुठे पुरतं उमगलं. तिचा प्रश्न म्हणजे पाण्यावर टाकलेला कोंडाच होता. तो जिकडे ओढला जातो, तिकडे वाट असते.

"एक अर्ज अपूर्ण आहे," टिपण्या म्हणाला. "मोठी आई, तुमचं कुठे अडतं?"

"माझं? माझं कशाले अडेल?" मोठी आई उठून चुलीकडे गेली. भांडं सारलं, पुन्हा सारलं. मग पाठमोरीच म्हणाली, "वाचायले अडते. दोन इयत्ता म्हणजे काय शिक्षण झालं? पाळीवर आता सरकारी पाट्या लावल्या, काय लिहिलं कोणास ठाऊक."

"आणि अडलं की कुणाकडे जाता?"

"ह्या पोट्टीकडे. अजून गेली नाही. उद्यापासून जाईन म्हणते, तिले वेळ असेल तर."

दोनशे एक्याण्णवांमधलं एक 'काही नाही' कुमुदने स्वतः लिहिलं होतं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती खडू घेऊन अंगणात गेली आणि घरच्या चिंचोक्याशेजारी स्वतःचा एक चिंचोका ठेवला. मोठ्या आईकडून आपल्याकडे एक बाण काढला. मग आपल्याकडून मोठ्या आईकडे दुसरा, आणि त्यावर लिहिलं: घाम. पहाटे पाच वाजता.