जलमहालातली हाक

बाहत्तर साली, दिवाळी उलटल्यावर, विजयमाला नवऱ्याबरोबर जामखेडहून सकाळच्या एस.टी.नं नगरला निघाली ती दोन कामांसाठी. एक, बाईडॉक्टरला दाखवायचं. दुसरं, जलवंतीनगरी बघायची. पहिलं काम सासूनं सांगितलेलं. दुसरं तिनं स्वतः मागून घेतलेलं. आणि मागितलेलं मिळतंय याचंच तिला इतकं नवल वाटत होतं, की ते का मिळतंय हे विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

जलवंतीनगरी म्हणजे पिवळ्या पुठ्ठ्याच्या पातळ पुस्तकांची मालिका. जादूचं शहर, सोमकेतू नावाचा राजपुत्र, आणि पाण्याखाली राहणारी माणसं. राधाकृष्ण ती तालुक्याच्या वाचनालयातून आणायचा आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी, सासूचं, गोजरबाईचं, घोरणं सुरू झालं की कंदील बारीक करून बायकोला हळू आवाजात वाचून दाखवायचा. गोदावरीकाठच्या पुणतांब्याची, पाण्यात वाढलेली पोरगी कोरड्या मुलखात येऊन पडलेली. त्या पुस्तकांतल्या पाण्यावरच तिनं ते पहिलं वर्ष काढलं. लिहिणारा नगरचा आहे म्हणे, आणि त्यानं नगरच्याच जुन्या इमारतींना नवी नावं दिलीत, असं राधाकृष्ण सांगायचा. "एकदा दावतो तुला समदं," म्हणायचा. मग वर्षं गेली, मूल झालं नाही, पुस्तकं बंद झाली आणि कंदील नुसताच विझवला जाऊ लागला.

बाईडॉक्टरनं तपासलं आणि हात पुसत म्हटलं, "यांच्यात काहीही दोष नाही. आता यजमानांनी तपासून घ्यावं."

राधाकृष्णनं टोपी डोक्यावर घातली आणि तो आधी बाहेर पडला. रस्त्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "घरी यातलं काय बोलायचं न्हाई."

ती कशाला बोलते! तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. माळीवाड्यात त्यानं टांगा ठरवला. टांगेवाला छगन बोलघेवडा निघाला. त्यानं किल्ल्याला बाहेरून फेरी मारली. आत लष्कर, म्हणून दुरूनच खंदक बघायचा. विजयमालेनं पदर सावरत ती गोल तटबंदी डोळे भरून पाहिली. हा पुस्तकातला वर्तुळदुर्ग. मग भिंगारच्या बाजूनं जाताना लांब डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसला. तो पहारेकऱ्याचा बुरूज. ती लहान पोरीसारखी हात लांब करून दाखवत होती आणि राधाकृष्ण "व्हय, व्हय" म्हणत दुसरीकडे बघत होता.

"आता शेवटचा जलमहाल," ती म्हणाली.

"फराबाग म्हना की," छगन हसला. "पन पावनं, दिस मावळायच्या आत भायेर या. घोडं लई टाइम थांबत न्हाई तिथं."

फराहबाग उजाड माळावर एकटीच उभी होती. भोवती कधीकाळी तळं होतं. आता तिथं भेगाळलेली जमीन आणि वेड्या बाभळी. तसं त्या साली सगळा जिल्हाच भेगाळला होता, पण इथली जमीन जरा जास्तच जुनी तहानलेली वाटत होती. छगन टांगा लांब लिंबाखाली घेऊन थांबला. ही दोघं आत गेली.

आत मोठा घुमट, चारी बाजूंना उंच कमानी, आणि भिंतींच्या पोटातून वर जाणारे अरुंद जिने. वटवाघळांचा उग्र वास. पाऊल टाकलं की त्याचा आवाज वर जाऊन उशिरानं परत येई.

"तळं आटलं," विजयमाला कुजबुजली. "मग पान्याखालची मानसं कुठं गेली असतील वो?"

"गेली असतील दुष्काळी कामावर खडी फोडाया," राधाकृष्ण म्हणाला. ती हसली. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी चेष्टेनं बोलला होता.

मग तिनं त्याला पुस्तकातल्या नियमाची आठवण करून दिली. जलमहालातून निघताना, ज्याच्यासोबत आत आलो त्याला नावानं हाक मारायची. नावानंच. नुसती हाक दिली तर जो जवळ असेल तो 'ओ' देतो आणि तोच सोबत येतो. आणि हाक मारायची ती सोबत आत आलेल्यानंच, दुसऱ्या कुणाची चालत नाही. सोमकेतूच्या राणीनं, रत्नरेखेनं, ती चूक केली आणि पुढची तीन पुस्तकं सोमकेतू पाण्याखाली राहिला.

"ती राणी हुती," राधाकृष्ण म्हणाला. "तू काय नाव घेनार माझं?"

ती लाजली. खरंच होतं ते. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गोजरबाईनं तिला बजावलं होतं. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चार बायकांत, तेही त्यांनी हट्ट धरला तर. एरवी 'अहो'.

तो कमानीखालच्या दगडावर बसला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग बोलला.

"आईनं भिमाजीमामाची थोरली बघितलीय. माघात उरकायचं म्हनती."

विजयमालेला आधी कळलंच नाही. "कुनासाठी?"

"कुनासाठी म्हंजे?"

"पन डाक्तरीनबाई तर म्हनली..."

"डाक्तरीन काय म्हनली ते डाक्तरीनीपाशी," तो तडकला. "घरात पाळना हालाया पायजे. तू काय वाऱ्यावर न्हाईस. घरात ऱ्हाशील, खाशील. तूच तिला कुंकू लावून घरात घे, म्हंजे लोक बोलनार न्हाईत." मग आवाज जरा खाली आणून, उपकार केल्यासारखा म्हणाला, "तुझी हौस ऱ्हाऊ नये म्हनून तर आनलं तुला आज हितं."

म्हणजे हे सगळं, टांगा, किल्ला, डोंगर, हा तिचा निरोपसमारंभ होता. बळी द्यायच्या बोकडालाही आदल्या दिवशी हिरवा पाला मिळतो, तसा तिला मिळाला होता. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

तो अवघडून उठला. "वर जाऊन येतो. गच्चीवरनं शहर दिसतं म्हनं," असं पुटपुटत जिन्यात शिरला. त्याच्या वहाणांचा आवाज भिंतीच्या आतून चढत गेला, बारीक होत गेला, आणि थांबला.

ती बसून राहिली. कमानीतून आलेलं ऊन आधी तांबडं झालं, मग भिंतीवर चढलं, मग नाहीसं झालं. वटवाघळं एकेक करून बाहेर पडली. आणि नंतर घुमटात इतकी शांतता झाली की तिला आपल्याच कानातली सूं ऐकू येऊ लागली.

तेव्हा तो वास आला.

पुणतांब्याच्या घाटावरचा वास. ओल्या शेवाळाचा, पाण्यात कुजलेल्या पाल्याचा, गार गोदावरीचा. हा वास तिच्या ओळखीचा होता, लाडका होता. पण या माळावर, या साली, तो कुठून आला? पाठोपाठ कुठंतरी टप् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.

ती उठली. जन्माची सवय, तोंडातून तेच निघालं.

"अहो..."

"ओ."

लगेच आलं उत्तर. राधाकृष्णचाच आवाज. पण जिन्यातून नाही. तिच्या मागून, तळ्याच्या बाजूच्या कमानीतून.

ती वळली. तो उभा होता. तेच नाक, तीच टोपी. धोतर गुडघ्यापर्यंत चिंब. पायांखालच्या दगडावर पाणी साठत होतं.

"चल," तो मायेनं म्हणाला. "उशीर झाला. दमलीस का?"

दमलीस का, असं राधाकृष्णनं तिला कधी विचारलं नव्हतं.

आणि त्याच वेळी वरून, भिंतीच्या पोटातून, दुसरा आवाज आला. दबलेला, घाबरलेला. "अगं... ऐकलं का... जिना घावंना मला... हितं लई अंधार हाय... अगं, हाक मार की..."

खालचा हलला नाही. त्यानं घाई केली नाही, तिला धरलं नाही. तो फक्त तिच्या ओठांकडे बघत होता.

नाव जिभेवर आलं होतं. वेड्यासारखा एक उखाणासुद्धा आठवला, लग्नात घेतलेला. नुसतं नाव घ्यायचं होतं. वरचा आला असता, तिला घेऊन गेला असता, आणि माघात तिनं ताट घेऊन दारात उभं राहून भिमाजीमामाच्या थोरलीला ओवाळलं असतं.

"अगं... नाव घे की माझं... घे ना..."

तिनं ओठ मिटले. नवऱ्याचं नाव घेऊ नये. आयुष्य कमी होतं त्याचं.

ती कमानीतून बाहेर पडली. मागून ओल्या पायांचा आवाज येत राहिला. लिंबाखाली छगननं कंदील वर करून बघितलं आणि त्याच्या तोंडचं हसू मावळलं.

"पावनं, भिजला कुठं? हितलं तळं आज्याच्या काळात आटलंय."

दोघं टांग्यात बसली. घोडं गावात शिरेपर्यंत मान वाकडी करून मागे बघत पळत होतं.

पुढं विजयमालेचं नशीब उघडलं, असं गाव म्हणतं. गावाला काय, जे दिसतं ते बोलावं. राधाकृष्णनं आईला स्पष्ट सांगितलं, "एक हाय ती बास." भिमाजीमामा रागावून गेला तो फिरकला नाही. आणि पंचक्रोशीतल्या विहिरींचे तळ दिसत असताना यांच्या परड्यातल्या कोरड्या विहिरीला पाणी आलं. काळं, गार, काठोकाठ. दुष्काळात पाणी कुठून आलं असं कुणी विचारत नाही, लोक घागर घेऊन येतात.

तो कधी ओरडला नाही. जेवण मोजकंच, ऊन टाळायचा, आणि त्याचे कपडे पुरते वाळत नसत. रात्री तो पिवळी पुस्तकं तिच्यापुढं ठेवायचा. "तूच वाच," म्हणायचा. आणि आपल्या गावाकडची खुशाली कुणी सांगत असावं तसा, डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचा. ती वाचायची. सुखात होती का? होती. त्याचीच तिला चीड यायची.

पौषात तिला दिवस गेले.

सातव्यात गोजरबाईनं हौसेनं डोहाळजेवण घातलं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका आल्या. ओटी भरून झाली आणि शेजारची साळूबाई हटून बसली, "नाव घेतल्याबिगर घास न्हाई!" नगरहून आल्यापासून विजयमालेनं एकदाही उखाणा घेतला नव्हता. ती टाळत गेली, बायका हट्ट करत गेल्या. गोजरबाईसुद्धा लाडानं म्हणाली, "घे गं, चार बायकांत घेतलं तर चालतंय."

मग तिनं घेतलं.

"भर दुष्काळात विहिरीला लागलं पाणी, राधाकृष्णरावांचं नाव घेते, ऐका साऱ्याजणी."

बायका हसल्या. ओट्यावर बसलेल्या माणसानं आपलं नाव ऐकून वळूनही पाहिलं नाही.

आणि परड्यातून, विहिरीच्या खोल पोटातून, आवाज आला.

"ओ..."

दमलेला, लांबचा. वाट बघून बघून थकलेला.

बायकांना तो पाण्याचा नुसता घुमारा वाटला असेल, किंवा तो त्यांना ऐकायचाच नसेल. घरोघरी घागरी भरायच्या होत्या. पण पोटच्या पोराचा आवाज आईला कळतो. गोजरबाई उठली, परड्यात धावली, विहिरीच्या काठावर पालथी पडली. "राधाकिस्ना! आरं राधाकिस्ना!" तिनं घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. पाण्यावर साधा तरंग उठला नाही. आई होती ती, पण त्याच्यासोबत आत गेली नव्हती.

तेव्हापासून म्हातारी विहीर सोडीना. ओट्यावरच्या माणसाच्या हातचं पाणी पिईना. एका संध्याकाळी तिनं विजयमालेचे पाय धरले. सासूनं सुनेचे.

"एकदा, एकदा विहिरीवर येऊन नाव घेऊन हाक मार गं पोरी. नुसतं नाव. माझा लेक खाली हाय..."

विजयमालेनं तिच्याकडे बघितलं. एक क्षण तिचा जीव कळवळला, खोटं कशाला सांगा. मग तिला कमानीखालचा दगड आठवला आणि माती उकरणारा तो अंगठा.

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेऊ नये. तुमीच शिकवलं न्हवं मला?"

ती घरात आली. कंदील लावला. परड्याच्या दारापासून तिच्या अंथरुणापर्यंत सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटली होती. इवलीशी, तान्ह्या मुलाची असावीत अशी. तिच्या बाळंतपणाला अजून अवकाश होता. विजयमाला खाली बसली आणि एकेक पाऊल पदरानं पुसत गेली, कुणाला दिसू नये म्हणून.