सुईच्या आधी नाव

या, जवळ सरका असे. टाळ खाली ठेवून बुवा आख्यानाला लागले की श्रोते कसे आपसूक पुढं सरकतात, तसे. आजचं आख्यान देवादिकांचं नाही, सोलापुरातल्या एका सुईचं आहे. पण ऐकून झाल्यावर तुम्हीच सांगा, त्यात देव होता की नव्हता.

दुपार होती. उन्हानं रस्ते पांढरे पडलेले, त्यात वीज गेलेली. नातेपुत्याची सोनम रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत शिरली. एएनएमचा, म्हणजे नर्सबाईचा, कोर्स झाला होता. आता शिरेतून औषध द्यायला शिकायचं, परीक्षा द्यायची, तरच इथली नोकरी पक्की. नाहीतर गाठोडं बांधून घरी, असं तिच्या आबांनी बजावलं होतं.

पडद्याआडून टेबलावर एक हात बाहेर आला होता. सरावाचा रबरी हात तो हाच, असं समजून तिनं दंडाला पट्टा आवळला. शीर कशी टरारून वर आली!

"अग बाई, काय झ्याक बनवलाय! गरम बी हाय…"

"ताप नाहीये मला," पडद्यामागून आवाज आला. "झोप झाली नाही, एवढंच."

सोनम किंचाळली. पडदा सरकला. विस्कटलेले केस, झोपाळू डोळे आणि त्या डोळ्यांत… हसू. रात्रपाळी करून जरा आडवा झालेला सुमित. तिथला नर्स, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवणाराही तोच.

"टोचणार होता की काय?"

"व्हय की! म्हंजे… न्हाई."

"नाव विचारलंत माझं?"

"रबराला कोण नाव विचारतंय?"

"इथंच चुकलात. सुईच्या आधी नाव. तेही आपण सांगायचं नाही, पेशंटच्या तोंडून पूर्ण यायला हवं. 'तुम्ही अमुक का' म्हटलं, की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

"मग सांगा की पूर्ण नाव."

"आधी पट्टा सोडा, हात बधिर झाला."

मग रोज दुपारी शिकवणी. खिडकीतल्या कूलरला वाळ्याचा वास आणि बोटांना स्पिरिटचा गारवा. "औषध ढकलायचं नाही, सोडायचं… सावकाश," तो सांगायचा. अभंगाची पहिली ओळ बुवा घोळवतात ना, तसा तिचा अंगठा हळूहळू सरकायचा. मान वर केली, की तो बघत असायचा. सिरिंजकडं नाही…

सगळ्या मुली त्याला 'ब्रदर' म्हणत. सोनम कधीच म्हणाली नाही.

"मला हाक मारायला काय होतं तुम्हाला?"

"हाक मारंन की," ती ओठ दाबून म्हणाली. "पण ती न्हाई."

परीक्षेचा दिवस उजाडला. वॉर्डात मोठ्या सिस्टर मागं उभ्या. औषध भरून तयार, सिरिंजवर चिठ्ठी: मायाक्का संगप्पा. नियम असा, की खाटेपाशी दोघांनी वेगवेगळं तपासायचं. सोनमच्या जोडीला सुमित होता.

"आजी, नाव काय तुमचं?"

"मायाक्का."

"पूर्ण सांगा."

आजीनं पदर तोंडाशी नेला. "मालकाचं नाव कसं घिऊ ग? आजवर न्हाई घेतलं."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. सोनमच्या कपाळावर घाम. सुमितला ते बघवेना. "राहू दे, आजी लाजतायत. या खाटेवर मायाक्काच आहेत. बरोबर आहे, द्या तुम्ही."

सोनमनं त्याच्याकडं पाहिलं. चिठ्ठीकडं त्याचं लक्षच नव्हतं. आता थांबावं, तर परीक्षा हातची जाणार… तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि आजीच्या उशाशी टेकली.

"नाव नगं, आजी. उखाणा घ्या की!"

आजी लाजली, हसली. सगळा वॉर्ड कान देऊन बसला.

"माळावर मेंढरं, वाघरीत कोकरू,
निंगप्पाचं नाव घिते, भिऊ नगं लेकरू!"

हशा पिकला. सोनम मात्र हसली नाही.

"निंगप्पा? हितं तर संगप्पा लिवलंय…"

शोधलं तेव्हा कळलं. दोघी मायाक्का. सकाळी या आजीला उकडत होतं, म्हणून कूलरखाली हलवलेलं. त्या खाटेवरची, संगप्पाची मायाक्का पलीकडच्या खाटेवर. आणि सिरिंजमध्ये भरलेल्या त्याच औषधानं या आजीच्या अंगावर पूर्वी एकदा गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता.

सुमितचा चेहरा उतरला. "चूक माझी, सिस्टर. मी न बघता हो म्हणालो."

सिस्टरांनी सोनमला पास केलं. सुमितला म्हणाल्या, "तू आता पहिल्यापासून शीक. हीच शिकवेल तुला."

पुन्हा तीच खोली. या वेळी शिकायला बसला होता सुमित.

"त्या दिवशी माझं लक्ष औषधाकडं नव्हतं…"

"ठावं हाय मला, कुटं हुतं ते." सोनमनं पट्टा त्याच्या हातात दिला. "माझ्यावर जीव असंल, तर माझं काम तपासा. न बघता बरोबर म्हणू नका… कवाच."

"नाही म्हणणार." त्यानं मान खाली घातली. मग धीर करून वर पाहिलं. "आणि काम झाल्यावर? तेव्हा बघितलं तर चालेल?"

"आधी धडा पुरा करा. मी पेशंट हाय, विचारा."

"तुमचं नाव?"

"सोनम."

"…पूर्ण नाव?"

बाहेर संध्याकाळचा वारा सुटला होता. पडदा हलला. ती खिडकीकडं बघत, गालातल्या गालात हसत म्हणाली…

"सलाईनचा थेंब, खिडकीत आकाश,
सुमितचं नाव घेते, पण सावकाश… सावकाश."

त्याच्या हातातला पट्टा खाली पडला.

दोन्ही घरं राजी व्हायला वेळ लागला. पण अंगठा घाईनं दाबायचा नाही, हे दोघांना ठाऊक होतं. लग्नात पहिल्या पंक्तीला मायाक्का आजी होत्या. दोघीही.

आता मागणं एकच. दवाखान्यात कुणी तुमचं नाव विचारलं, पुन्हा विचारलं, तर वैतागू नका. पूर्ण सांगा. आणि सांगताना त्या निंगप्पाच्या मायाक्का आजीची आठवण काढा, जिनं आयुष्यभर ओठांआड जपलेलं नाव एका पोरीच्या धीरासाठी भर वॉर्डात घेतलं.