पोलादवीराचा चष्मा

चष्म्याच्या घरातून चष्मा निघावा, एवढी साधी अपेक्षा कुणीही करेल. पण त्या सोमवारी दुपारी काउंटरवर उघडलेल्या घरातून निघाला एक हात तुटलेला, प्लॅस्टिकचा पोलादवीर!

“याला हात मिळेल?” समोरच्या उंच तरुणाने इतक्या काळजीने विचारलं, की काउंटरमागच्या मुलीला हसू आवरेना.

“मिळेल की. डावा ना?... बसा.”

खेळण्यांचं दुकान तिच्या बाबांचं, आणि मागच्या कोपऱ्यातला सुट्या हातापायांचा खण तिचा. एके काळी पोलादवीरांनी पोरांना नुसतं वेड लावलं होतं. नवा वीर आला की शाळा सुटल्या सुटल्या दारात रांग लागायची, आणि आठ दिवसांत त्यातले निम्मे वीर हात-पाय मोडून परत यायचे. म्हणून बाबांनी कारखान्यातून सुटे हात, पाय, मुंडकी मागवून ठेवली. दहा वर्षांची असल्यापासून ती ते बसवत आली होती. मग पोरांच्या हातात मोबाइल आले आणि वीरांना कुणी विचारेना. गेल्या वर्षभरात खपले तीन! शेवटी बाबांनी ठरवलंच — शनिवारी भंगारवाला येणार, खणासकट सगळं नेणार आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं लटकणार. ती भांडली, रुसली, पण बाबा बधले नाहीत. तिच्या मनाला ते फार लागलं होतं.

“लहानपणी खूप खेळलात वाटतं याच्याशी?” हात बसवता बसवता तिने विचारलं.

“खेळलो? आधी याला घास भरवल्याशिवाय आईच्या हातून जेवायचो नाही मी!”

मंगळवारी तो दुसरा वीर घेऊन आला, त्याला पाय नव्हता. बुधवारी तिसऱ्याची मान मोडलेली. तिने ती उजेडात धरली... तुटल्या जागी प्लॅस्टिक पांढरंशुभ्र होतं, अगदी ताजं. वर्षानुवर्षांची मोड अशी दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने फक्त स्क्रू जरा सावकाश पिळला.

“उद्या याल?”

“बघतो... घरात अजून कोण जखमी आहे ते.”

गुरुवारी सकाळी बाबांच्या चष्म्याची काडी निखळली. चष्मा घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात गेली, तर काउंटरमागे हाच! हातात इवलासा स्क्रूड्रायव्हर.

“अच्छा!” तिने कमरेवर हात ठेवले. “दिवसभर मुंगीएवढे स्क्रू पिळता, आणि वीराचा एक हात बसवता येत नाही होय?”

तो कानापर्यंत लाल झाला. इतका गडबडला, की दुरुस्त केलेला चष्मा तिला द्यायच्या ऐवजी स्वतःच्याच नाकावर चढवून बसला.

शुक्रवारी तो आला नाही. आपण जरा जास्तच चिडवलं का?... ती दिवसभर दाराकडे बघत राहिली. कशात म्हणून लक्ष लागेना. उद्या खण जाणार, आणि मग त्याला यायला कारण तरी काय उरणार?

शनिवारी भंगारवाल्याने दारात हातगाडी लावली. तो खणाला हात घालतो न घालतो, तोच चष्मेवाला धापा टाकत आत आला.

“थांबा! आधी हे बघा...”

त्याने चष्म्याचं घर उघडलं. आतला वीर चांगला धडधाकट होता, आणि त्याच्या नाकावर तारेचा एवढासा चष्मा होता!

“याचं काय मोडलंय?” तिने विचारलं.

“काहीच नाही. काल दिवसभर हा चष्मा करत बसलो होतो. माझ्याकडे पोरं येतात ना, चष्मा लागला म्हणून भोकाड पसरतात. आज सकाळी एकीला हा दाखवला, तर आपला चष्मा घालून हसत गेली. मला हे सगळे वीर हवेत, हा खणही हवा. आणि...” त्याने वीर तिच्यासमोर ठेवला. “आणि ते दुरुस्त करणारीही. पहिला हात तेवढा खरा तुटला होता हो. बाकीचे मीच मोडले, तुम्हाला भेटायला.”

गल्ल्यावर बसलेल्या बाबांच्या हातातला पेपर आता जराही हलत नव्हता.

“मग मी जाऊ का?” भंगारवाल्याने विचारलं.

“जा,” असं म्हणत तिने खण ओढून चष्मेवाल्याच्या हातात दिला. “मला बुधवारीच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलायलाच तर आले होते! तुमच्या दुकानाचं नाव या चष्म्याच्या घरावर छापलंय की. आणि बाबांच्या चष्म्याचा स्क्रू...” ती लाजून हसली. “मीच ढिला केला होता.”

पेपरामागून बाबांचा आवाज आला, “तरीच!”