लाल डोक्याचा मासा

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण मधुरा थापा मारते, पण साडीच्या किमतीपुरत्या. हे सांगताना मात्र ती अजूनही आवाज खाली आणते.

गेल्या जानेवारीतली पहाट. भोपाळजवळचं हलालीचं धरण. धुकं असं, की नावेचं टोक दिसेना.

नावेत दोघंच. मधुरा आणि तिचे अच्युतकाका, गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

मागची फळी रिकामी होती... कांचनकाकूंची.

काकू दिवाळीत गेल्या. त्याआधी दर रविवारी हे जोडपं इथे. काका वल्ही मारायचे, काकू त्यांच्या समोर, नावेच्या मागच्या फळीवर दोरी धरून बसायच्या. नावेमागे लांब, पाण्यात नकली मासा पळायचा. एखादी मोठी पडीन मासळी त्यावर झडप घालायची. दोरीवरचं लक्ष हलू नये म्हणून काकू नावेत टाच आपटून बोलायच्या. एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे चला, थांबू नका. नाव थांबली की नकली मासा तळाला जातो, अडकतो. काकूंनी नाव कधीच थांबू दिली नाही.

भांडण मात्र ठरलेलं. आमिष म्हणून काकांना चांदीसारखा, पत्र्याचा चमचा आवडायचा, काकूंना लाल डोक्याचा लाकडी मासा.

“उजेड नाही, पाणी गढूळ. तुमचा चमचा चमकणार कशानं? टकलानं?”

चमचा परत डब्यात. लाल मासा पाण्यात.

तोच मासा काकांनी चितेवर काकूंच्या मुठीत ठेवला होता. मधुरानं स्वतः पाहिलं होतं.

म्हणून त्या पहाटे चमचा. काकांनी दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या पायाला बांधलं. धरणार कोण?

“अंकल, कोहरा है, दूर मत जाना!” किनाऱ्यावरून नाववाला ओरडला.

काका दूरच गेले.

“काका, ह्याला ना वास, ना जीव. मासा फसतो कसा?” पुढच्या टोकाला बसलेल्या मधुरानं विचारलं.

“जीव लागत नाही गं. चाल लागते. ओळखीची चाल दिसली, की तो विचार करत नाही. येतो.”

मग पाणकावळे गप्प झाले.

वल्ह्यांचा आवाजही कमी झाल्यासारखा वाटला.

आणि...

टक्.

काकांचे हात सैल पडले. मधुराला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“काकू म्हणतेय, हळू.”

“काका, फळीवर कुणी नाहीये.”

टक्...

“हो गं, हळूच मारतोय,” काका रिकाम्या फळीला म्हणाले. लाडानं, काकू समोर असल्यासारखं.

टक्.

काकांनी वल्ही सोडली.

नाव थांबली.

दोरी मागे जाईना... ती सरळ खाली गेली. ताणली. काकांचा पाय काठाकडे सरकू लागला. ते दोरी सोडवत नव्हते. हसत होते.

मधुरानं त्यांची कंबर धरली. हाका मारल्या. काही उपयोग नाही. मग काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं टाच जोरात आपटली.

टक् टक्!

काकांचे हात आपोआप वल्ह्यांवर गेले. इतक्या वर्षांची सवय. नाव हलली, दोरी ढिली पडली.

“ऐकलंस? चला म्हणाली!” काका लहान मुलासारखे रडत होते. “शेवटपर्यंत हुकूम!”

“ऐकलं,” मधुरा म्हणाली.

मधुरानं दोरी ओढून घेतली. टोकाला चमचा नव्हता.

लाकडी मासा होता. लाल डोक्याचा. कुठे जळल्याची खूण नाही... रंग ओला.

काकांनी तो छातीशी धरला.

ती टाच आपली होती, हे मधुरानं त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगून काय उरणार त्यांच्याकडे?

आणखी एक गोष्ट ती मलाच सांगते. पहिले तीन ठोके नावेच्या आत पडलेच नव्हते.

ते नावेच्या खालून आले होते.

काका आता दर रविवारी एकटेच जातात, पायाला दोरी आणि दोरीला लाल मासा बांधून. मधुरा हातापाया पडली, ऐकत नाहीत. परवा फोनवर खुशीत होते.

“अगं, हल्ली तुझी काकू दोन ठोके देतच नाही. सारखा एकच. हळू... हळू. दमली असेल गं. आता पुढच्या खेपेला थांबेनच म्हणतो तिच्यासाठी.”