काळ्या काचेमागचा बल्ब

साल २०२३. मार्चमधली दुपार. जागा, गारखेड्यातलं पुंडलिकचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण दुकानात तेव्हा तीन माणसं होती, आणि तिघांनीही पाहिलं. मी ऐकलं ते करुणाकडून.

करुणा पुंडलिकची बायको. वीस वर्षं नवऱ्याच्या बरोबरीनं दुकानात बसलेली.

त्या दिवशी हिमांशू नावाचा तरुण जीप घेऊन आला. सोयगावकडच्या डोंगरात बिबटे मोजायचं त्याचं काम. जीपला पुढं काळ्या काचेचे दोन दिवे. त्यांचा उजेड माणसाला दिसत नाही, बिबट्यालाही नाही. फक्त गाडीतल्या कॅमेऱ्याला दिसतो आणि पडद्यावर रस्ता उमटतो.

"काका, एलईडी टाकले. पडद्यावर अंधारच."

"एलईडीत धग नसती, बाबा. तुझ्या कॅमेऱ्याला धग लागती. जुना हॅलोजनच घालावा लागंल. करुणा, डब्यातून शंभर वॅटचे दोन दे."

चालता बल्ब पुंडलिक कधी फेकत नसे. गाडी भंगारात निघाली तरी बल्ब काढून, तपासून, कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. करुणानं हाताला लागले ते दोन दिले.

जीप उलटी आत घेतली, तोंड शटरकडं. अंधार हवा म्हणून शटर ओढलं.

दिवे लावले. दुकानात काळोखच. पडद्यावर मात्र सगळं राखाडी उमटलं. टायर. स्टूल.

आणि शटरपाशी... एक माणूस.

पाठमोरा.

"कोण उभंय तिथं?" हिमांशूनं हळूच विचारलं.

पुंडलिकनं मोबाइलचा उजेड टाकला. शटरपाशी कोणी नव्हतं.

पडद्यावर तो होताच.

बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू होता. तोही थांबला...

त्या माणसाचा डावा खांदा जरा उतरलेला होता. तो खांदा करुणाच्या ओळखीचा होता.

"सम्यक..."

सम्यक त्यांचा एकुलता एक. गंगापूर रोडला वडाप जीप चालवायचा, गावोगावची माणसं न्यायचा. त्या मार्चच्या दोन वर्षं आधी त्याच रस्त्यावर अपघातात गेला. घरी आणला तो बांधूनच. बायांनी करुणाला धरून ठेवलं, "नको बघू, बाई." लेकराचं शेवटचं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं.

पडद्यावरची मान... जराशी वळली.

पुंडलिकनं झटकन दिवे बंद केले. शटर वर केलं. फडक्यात धरून उजव्या दिव्यातला बल्ब काढला. त्याच्या बुडाची एक पट्टी कानशीनं घासलेली होती. होल्डरात बसावी म्हणून त्यानंच घासली होती.

"हा त्याच्या जीपचा हाय."

"परत लावा."

"जाऊ दे त्याला, करुणा."

"तो तोंड फिरवत होता. बघितलं नाय का तुम्ही?"

"मी दवाखान्यात बघितलंय ते तोंड. तू नको बघू."

"माझंच लेकरू दिसंल. दुसरं काय दिसंल?"

पुंडलिक खाली बसला. फडक्यासकट बल्ब तिच्या हातात ठेवून म्हणाला, "उद्या."

हिमांशूनं जीप तिथंच ठेवली.

रात्रभर तो बल्ब करुणाच्या मुठीत होता. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, घामाचा तेलकटपणा बसतो, बल्ब तापला की काच तडकते. गिऱ्हाइकांना हे वीस वर्षं तीच सांगत आलेली. त्या रात्री तिनं ती काच गालासारखी कुरवाळली.

दुसऱ्या दिवशी बल्ब परत बसवला. शटर ओढलं. दिवे लावले.

तो तिथंच होता.

मान वळू लागली... कान दिसला... गालाची कड दिसली...

टक्.

उजवा दिवा गेला. डाव्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर नुसतं शटर.

"माझ्या हातानं गेला," करुणा म्हणाली. एवढंच.

पुंडलिक गेल्या वर्षी वारला. बाया जवळ यायच्या आत करुणानं चादर बाजूला केली आणि त्याचं तोंड डोळे भरून पाहून घेतलं. दुकान आता ती एकटी चालवते. हॅलोजन मागितला की नाही म्हणते.

हिमांशूनं मोजणी पुरी केली आणि ते काम सोडलं. नाशिकला शाळेत शिकवतो. त्या दोन्ही दिवसांचं चित्रण त्याच्याकडं आहे. मध्ये करुणानं त्याला फोन केला.

"काच फुटायच्या आधी... तोंड दिसतंय का रे त्यात?"

तो लई वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "नाही, काकू."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण तेवढं सांगायला त्याला इतका वेळ का लागला, हा विचार माझी झोप अजून मोडतो.