बिनफिल्टरची ऑस्टिन

ठाकूरद्वारच्या नाक्यावर अप्पांची जुनी ऑस्टिन मोटार आचके देत गप्प झाली, आणि मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. अप्पांची मुलगी पूर्वी घामाघूम होऊन बॉनेट उघडत होती. इतक्यात एका तरुणाने मोटारसायकल कडेला लावली, गाडी ढकलून सावलीत आणली आणि पेट्रोलच्या नळीत अडकलेला कचरा फुंकून काढला. मग सहज ऑईलची पट्टी उपसून पाहिली... कपाळाला आठी पडली.

"हिला ऑईल फिल्टर नाही?"

"जन्मापासून नाही. छत्तीस सालची आहे ती."

"मग आता तरी बसवा की."

"माझ्या वडिलांनी आयुष्यभर अशीच चालवली," पूर्वी फणकाऱ्याने म्हणाली खरी, पण त्याच्या गालावरचा काळा डाग पाहून तिला हसू आवरेना.

त्याचं नाव राजरत्न. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला. काळाचौकीला त्याचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं. पुढच्या रविवारी ती ऑईल बदलायला तिथेच गेली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

वाद तिथेही चालूच राहिला. तो म्हणायचा, जुन्या काळचं ऑईल कचरा इंजिनाखालच्या चेंबरच्या तळाशी बसू द्यायचं. आताचं ऑईल तो अंगावर घेऊन फिरतं, म्हणून गाळायला फिल्टर हवाच. ती म्हणायची, मग ऑईलच लवकर बदलावं, कचरा त्याच्याबरोबर जाईल. मूळ इंजिनाला उगीच नळ्या कशाला जोडायच्या? तो मान हलवायचा आणि चहा मागवायचा. तिच्या चहात साखर कमी लागते, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

आणि गंमत म्हणजे, राजरत्नने फिल्टरचं नाव काढणंच सोडलं. ऑईल चांगलं सोनेरी असलं तरी पट्टी उजेडात धरून म्हणायचा, बदलूया, रिस्क नको. पूर्वी गालातल्या गालात हसायची, आणि पुन्हा गाडी घेऊन यायची.

हिवाळ्यात अप्पांनी मनावर घेतलं, यंदा ऑस्टिननेच देवगडला गावी जायचं. लांबचा रस्ता, त्यात घाट. पूर्वी तडक गॅरेजात गेली आणि फिल्टर बसव म्हणाली.

राजरत्नचा चेहरा उतरला. एकदा नळी आखूड पडली, एकदा आटे जुळेनात; काम लांबतच गेलं. अखेर फिल्टर बसला, तोही इंजिनाला एकही भोक न पाडता. इंजिन सुरू केलं, तर सांध्यातून थेंबही गळेना. काम मनासारखं झालं होतं. तरी तो चिंधीने हात पुसतच राहिला.

"आता ऑईलसाठी सारखं यायला नको तुला," तो हळूच म्हणाला. "मी मुद्दाम फिल्टरचा विषय काढत नव्हतो. तू येत होतीस ना, म्हणून..."

"माहीत होतं मला."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर यायला काय कारण सांगितलं असतं?" तिने नजर वर केली. "पण आता ऑईलचं निमित्त नको वाटतं रे. तू आवडतोस मला. देवगडला चल आमच्याबरोबर."

"आणि अप्पा—?"

"त्यांना सगळं सांगितलंय. म्हणाले, या पोराच्या हाताने इंजिनाचा आवाज सुधारलाय, घेऊन ये त्याला."

राजरत्नने चिंधी खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. बोटांना अजून ऑईल होतं... तिने हात सोडवला नाही.