आमसुलाने घासलेली राणी

“फक्त माणसांचेच काढता, की नाण्यांचेही?” राम आळीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत हर्षद आला तो हे विचारतच.

“नाण्यांचे तर आनंदाने. ती डोळे मिटत नाहीत.”

तो हसला... आणि माझंच कामातलं लक्ष उडालं.

हर्षद पूर्णगडचा, जहाजावर नोकरीला. नाद एकच — ज्या राजा-राणींनी जोडीने राज्य केलं, त्यांची जुनी नाणी जमवायची. एकट्या राजाचं नाणं फुकट दिलं तरी घ्यायचा नाही. तीन आठवडे तो रोज एकेक नाणं फोटोसाठी आणत राहिला. सगळी एकदम का आणत नाही, हे मी विचारलं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही.

मग एक दिवस त्याने तांब्याचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. काश्मीरची राणी दिद्दा आणि राजा क्षेमगुप्त, दोघांच्या नावाचं. हजार वर्षांपूर्वीचं.

“चार वर्षं शोधत होतो, योगिनी.” त्याची बोटं तळहातावर जरा जास्तच रेंगाळली. “उद्या नेतो.”

नाणं काळंहिरवं, कळकट. अशा राणीचा फोटो काढायचा? देवाची भांडी घासतो तसं मी ते आमसूल लावून घासलं. लखलखलं अगदी. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ते पाहून हर्षद खुर्चीत बसलाच.

“काय केलंस गो हे? तो काळा थर हजार वर्षांचा होता. तो गेला की नाण्याचं मोलच गेलं. जुनं नाणं कुणी घासत नाही.”

मी माफी मागितली. “असू दे,” म्हणून तो निघून गेला.

आठ दिवस फिरकला नाही. मी फोन हातात घ्यायची, परत ठेवायची. सरळच सांगते — मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि माझ्याच हाताने त्याला घालवून बसले होते.

नवव्या दिवशी त्याने काउंटरवर नाण्यांचा अख्खा डबा आणून ठेवला.

“परवा जहाजावर चाललोय, सहा महिने. सांभाळशील?”

“मी? एवढं करून ठेवल्यावर?”

“नाणं घासायचं नसतं, हे रत्नागिरीत तुझ्याइतकं पक्कं कुणाला कळलंय?”

मला हसू आलं, डोळेही भरले. “आठ दिवस कुठे होतास?”

“दोन दिवस रागावलो होतो. उरलेले सहा... काय बोलायचं ते ठरवत होतो.”

“मग... ठरलं?”

तो डब्याकडेच बघत म्हणाला, “परत आलो की आईला घेऊन येईन. तुला मागायला. चालेल?”

“नाही चालणार,” मी म्हटलं. “परवा जातोयस ना? मग उद्याच घेऊन ये.”